अंगणातला हिरवा दिवा

पुणे, १२ जून २०२५

तीर्थरूप बाबांना तनुजाचा शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, मी बरी आहे. फोनवरचे निरोप आई मोठ्या आवाजात लावते, म्हणून हे कागदावर. नवी अ‍ॅप लोकांपर्यंत जाण्याआधी वापरून पाहायची, ही माझी नोकरी. त्यातलंच 'अंगण' मी घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. ज्यानं ते त्या दिवशी उघडलं, त्याच्या फोटोपुढं हिरवा दिवा लागतो. तुम्ही त्यात शेतातल्या पालकाचे फोटो टाकता, तेही स्वतःच्या अंगठ्यासकट.

बाबा, हर्षलला जाऊन दोन महिने झाले, तरी रोज सकाळी त्याचा दिवा लागतो. क्षणभर वाटतं, भाऊ उठला. मग दिवसभर कामात जीव लागत नाही. त्याचा फोन कोणाकडं आहे? तो बंद करा, मला सोसवत नाही.

आईला यातलं बोलू नका. माया आहे तशीच ठेवा.

तुमची, तनुजा

इंझोरी, १९ जून

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

इकडं बरं आहे. वांगी कारंज्याच्या बाजारात चांगली गेली. अंगठ्याचं म्हणशील, तर तो फोटोत आपोआप येतो.

दिवा तुझी आई लावते. हर्षल गेला तेव्हा त्याच्या जागेवर तेरा दिवस दिवा होता. तो विझू नये म्हणून ती तेल घालत बसायची. तेराव्यानंतर तो काढला आणि तिला फोनमधला हा सापडला. आता अंघोळ झाली की आधी हर्षलच्या फोनवर 'अंगण' उघडते. लाइन गेली तर शेजारच्या सुलतानबीच्या घरी इन्व्हर्टरवर फोन चार्जिंगला लावून येते, आणि सुलतानबी काही विचारत नाही. बंद कर म्हटलं, तर म्हणाली, की तेलाचा दिवा लोकायनं काढाले लावला, हा मी कायले विझवू?

तूच मार्ग सुचव.

तुझा बाबा, रंगराव

पुणे, २७ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बंद करा म्हणाले, ते विसरा. पण दिवा आता जाणारच आहे. 'अंगण' फारसं कोणी वापरलं नाही, म्हणून कंपनी ते जुलैअखेर कायमचं बंद करते आहे. एक तरी दिवा ठेवा म्हणून साहेबांना विनवलं. ते म्हणाले, की जातील तर सगळेच जातील.

एका सकाळी आईनं उघडावं आणि काहीच दिसू नये, असं व्हायला नको. तुम्हीच तिला आधी सांगा. मी सांगायला गेले तर रडेन.

दोघांच्या मायेची भुकेली, तनुजा

इंझोरी, ८ जुलै

चि. तनुजास आशीर्वाद.

सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, हात थांबला नाही. जुड्या संपल्यावर तिनं विचारलं, की सगळेच दिवे जानार का? हो म्हटलं. मग ती रडली, तेराव्यालाही एवढी रडली नव्हती.

मला वाटलं, हर्षलसाठी. तर म्हणाली, की त्याचा जाऊ दे, त्याले मी माझ्या हातानं तेल घातलं. पन तनुजाचा गेल्यावर ते तिकडं बरी हाये, हे मले रोज कसं समजन? आपण एकाच दिव्याचं बोलत होतो, ती रोज दोन पाहत होती.

तनुजा फोन करत जाईल म्हटलं, तर तिचा फोनवर भरवसा नाही. हर्षलही गेला त्या दिवशी कारंज्याहून निघालो, येतोच, असं फोनवरच म्हणाला होता.

तुझी पत्रं मी तिला दाखवली. तिनं कागदावरून हात फिरवला आणि एक उशाशी ठेवलं. असेच कागद पाठवत जा म्हणते. वेळ नसला तर कोरा पाठव, तिला वाचता कुठं येतं.

वाट पाहतो आहोत.

रंगराव