पडण्याचा सराव

प्रिय अबोली,

मी तुझं मनगट धरलं, तू वळलीस आणि मी पडलो. आज संध्याकाळी, आपल्याच घरात, खुर्च्या भिंतीला लावून. मी उठत असताना तू विचारलंस, "पापा, आप खुद गिरे ना?" मी "नाही" म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी इथे रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात, ट्यूशनहून येताना, त्या माणसाने तुझा हात धरला. भर दुपारी. तू हात सोडवून पळालीस आणि नंतर चार महिने घराबाहेर पडली नाहीस. तुझी आई म्हणायची, "पोट्टी बसून राहिली, तुम्ही काही करत काहून नाही?" मी काय करणार होतो? नव्या रायपूरची ऑफिसची बस सकाळी पकडायची, संध्याकाळी परत यायचं, तुझं दार बंद.

मग समता कॉलनीतला हा आयकिडोचा वर्ग मिळाला, मनगट धरणाऱ्याला वळून पाडायला शिकवणारा. तू एकटी जाणार नव्हतीस, म्हणून बावन्नाव्या वर्षी मीही पांढरा पट्टा बांधला. तिथे आधी पडायलाच शिकवतात. त्यात मी हुशार निघालो. हरिदास सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अंकल, आपका गिरना तो ब्लैक बेल्ट है." तेव्हा तू हसलीस. किती महिन्यांनी, ते मला ठाऊक आहे.

तुझा जोडीदार मीच असायचो. पहिल्या दिवशी तू वळलीस ते चुकीचं होतं, माझा तोल जरासुद्धा गेला नव्हता. तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पडलो. पुढच्या आठवड्यात तू स्कूटर काढलीस. त्यानंतर मी रोज पडत राहिलो. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेतही तसाच पडलो. तू एकटी कॉलेजला जाऊ लागलीस, बाजारातून भाजी आणू लागलीस, आणि मला वाटलं, झालं.

गेल्या रविवारी नारिंगी पट्ट्याच्या परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला बाजूला केलं. "घर का आदमी नहीं." माझ्याऐवजी वर्गातल्या सरितादीदीने तुझं मनगट धरलं. तू वळलीस. ती उभीच. तू तीनदा वळलीस. तिने तुझ्याकडे पाहून "सॉरी" म्हटलं, ते मला कोपऱ्यात ऐकू आलं. त्या दिवसापासून स्कूटर अंगणात आहे.

सरांनी उद्या सकाळी साडेसातला पुन्हा संधी दिली आहे. म्हणून आज मी ठरवून बसलो होतो की पडायचं नाही. तुझं मनगट माझ्या हातात आलं आणि गुडघे आपोआप वाकले. मला तुला घट्ट धरता येत नाही, अबोली. त्या माणसाने धरलं तसं मी कसं धरू? पण सरावात तुला आजवर कोणी खरं धरलंच नाही, ते माझ्यामुळे. हे तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिलं. दाराखालून सरकवतो.

तुझाच,
पापा

ता. क. पत्र तू सकाळी टेबलावर परत आणून ठेवलंस, म्हणून खाली लिहितो. परीक्षेला तू गेली नाहीस. आठ वाजता तू हॉलमधल्या खुर्च्या बाजूला केल्यास आणि हात पुढे केलास. "पकड़ो. ठीक से." मी धरलं. तू वळलीस. मी उभाच होतो. तू म्हणालीस, "फिर से." माझी बस निघून गेली.