नाकातला नकाशा

५ जून, सकाळी ८
ऑपरेशन थिएटरात नेव्हिगेशनचं मशीन आलं. पेशंटचा सीटी स्कॅन त्यात भरायचा, की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये अवजाराचं टोक नाकात नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. बावीस वर्षं मी नाकात वावरतोय. स्वतःच्या घरी जाताना पत्ता विचारतं का कोणी? तरी रविवारपर्यंत संपूर्ण शिकून टाकणार. म्हणजे तोंडं बंद.

८ जून, रविवार
मॅन्युअल दोनशे बारा पानांचं. चार वाचली. बाकीचा अंदाज आला.

१० जून
मशीन बिघडलेलं आहे. पेशंटच्या कपाळावर, नाकावर पॉइंटर फिरवून चेहरा आणि स्कॅन जुळवायचा असतो. पाच वेळा फिरवला. पाचही वेळा एरर. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते, ते मुद्दाम. शेवटी धाकटीनं करून दाखवलं, एका फटक्यात. धाकटी म्हणजे आमच्या विभागातली ज्युनियर सर्जन. दुर्बीण धरायला तिला मीच शिकवलं. म्हणाली, सर, तुम्ही मशीनच्या कॅमेऱ्यासमोर उभे होतात, त्याला पॉइंटर दिसतच नव्हता. कॅमेरा भलत्या जागी ठेवल्यावर माणूस काय करणार?
घरी सांगितलं. बायको 'अंगण वाकडं असेल' एवढंच म्हणाली.

१७ जून
उद्या बेकरीवाल्या बाईंचं ऑपरेशन. आधीची दोन दुसरीकडे झालेली, नाकातलं मांस पुन्हा वाढलंय. वास अजिबात नाही. पाव करपला तरी धूर दिसेपर्यंत कळत नाही, म्हणाल्या. चाळीस मिनिटांचं काम, असं सांगून टाकलं. धाकटीचा नेव्हिगेशनसाठी हट्ट: आधीच्या ऑपरेशनांत आतल्या खुणा गेल्यात म्हणे. लावू दे. मी बघणार नाही.

१८ जून, दुपारी ४
नीट लिहून ठेवतो.
तासभर झाला होता. समोर मांस होतं. माझ्या हिशेबानं सायनसमधलं. मशीनच्या पडद्यावर मात्र टोक डोळ्याच्या खोबणीत. मशीन चुकतंय, बंद करा, म्हणालो. माझ्या कामात यंत्रानं नाक खुपसायचं कारण नाही.
धाकटी हळूच म्हणाली, "बंद करू, सर. आधी डोळा दाबून बघू?"
तिनं बाहेरून पापणीवर बोट ठेवून हलकेच दाबलं. आत, दुर्बिणीतून दिसणारं ते मांस हललं.
मांस नव्हतंच. डोळ्यामागची चरबी. नाक आणि डोळ्यामधलं हाड आधीच्याच ऑपरेशनात गेलेलं. कापणाऱ्या अवजाराच्या पेडलवर माझा पाय होता.
पाय काढला. दुर्बीण धाकटीकडे दिली. पुढचं धाकटीनं केलं. माझी कंबर धरली होती.

१९ जून
बाईंना दोन बोटं दाखवली. दोन म्हणाल्या. तीन दाखवली. तीन. पुन्हा दोन दाखवली, तेव्हा त्या हसल्या. डोळ्याखाली थोडं काळंनिळं आहे. त्यांचा नवरा माझे हात धरून म्हणाला, तुमच्या हाताला यश आहे. धाकटी शेजारीच होती. फाइल बघत होती.
कॅमेऱ्याच्या जागेबद्दल लेखी तक्रार करायला बसलो. अर्धं पान झालं. फाडलं.

२० जून
धाकटीनं बाईंना सगळं समजावून सांगितलं म्हणे. काळंनिळं कशानं, अवजार कुठपर्यंत गेलं होतं. मीच सांगणार होतो. सोमवारी.

२७ जून
बेकरीवाल्या बाई तपासणीला आल्या. खोलीत पाऊल टाकताच म्हणाल्या, इथे स्पिरिटचा वास येतोय. मी चष्मा काढून पुसला. धूळ असावी.
नाक साफ करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऑपरेशन तुम्हीच केलंत ना?"
कंबरेचं सांगणार होतो. "अर्धं," म्हणालो.
"आणि माझा डोळा वाचला, तो कोणत्या अर्ध्यात?"
"दुसऱ्या."
बाईंनी पर्स उचलली. पुढची तारीख कोणाकडे घ्यायची, असं शांतपणे विचारलं. मी शेजारची खोली दाखवली. दारापर्यंत सोडायलाही गेलो.