आईनं विचारायचं थांबवलं

तात्या, परवा आईला घेऊन पळसदेवला जाऊन आले. तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षं होत आली आणि लिहितेय मात्र आज. तक्रार म्हणून नाही, दमले म्हणून. आईला गेली तीन वर्षं फारसं काही आठवत नाही. दिवसातून दहा वेळा विचारायची, "ह्ये कुठं गेल्यात गं?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग ती दर वेळी नव्यानं रडायची, ताट बाजूला सारायची. शेवटी मीच शिकले. "कारखान्यावर गेलेत, पाळी सुटली की येतील," म्हणायचे. तेवढ्यावर ती शांत व्हायची, तासाभरानं पुन्हा विचारायची.

परवा मला सुट्टी होती. सावकाश कुठंतरी हिंडून यावं, एवढंच मनात होतं. बारामतीहून निघालो, भिगवणला थांबून चिलापी खाल्ली. आईला काटे काढून दिले. धरणाचं पाणी पार खाली गेलंय, त्यामुळे बुडालेल्या जुन्या गावापर्यंत गाडी जाते. जुन्या देवळाभोवती माणसं फोटो काढत होती. आपलं घर होतं तिथं तडकलेला गाळ आणि जोत्याचे दगड.

मी नऊ वर्षांची असेन. असाच उन्हाळा, असंच आटलेलं पाणी. तुम्ही रजा टाकून मला गाव दाखवायला आणलंय. दगडांत मला दाराची गंजलेली कडी सापडते आणि मी ती गुपचूप फ्रॉकच्या खिशात घालते. तुम्ही बघता. "ठेव तितंच. सोडलं म्हंजी सोडलं." परतताना एसटीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसता. तुम्ही माझ्यावर रागावलाय असंच मी कितीतरी वर्षं समजत होते.

आईला मात्र काही दाखवावं लागलं नाही. गाडीतून उतरून ती नीट गाळातनं चालत गेली, एका जागी चपला काढल्या आणि बसली. "हितं चूल व्हती. हितनं नदी दिसायची," म्हणाली. शेजारणींची नावं घेतली, कुणाची म्हैस मारकी होती तेही सांगितलं. इतकी सलग बोलताना तिला कितीतरी महिन्यांनी ऐकलं. ऊन वाढलं तशी तिला देवळाच्या सावलीत आणलं. तिचा हात धरून जरा टेकले आणि मला झोपच लागली. जाग आली ती घाबरून. ती कुठं गेली नव्हती. सावली सरकली होती आणि ती माझ्या तोंडावर पदर धरून बसली होती.

"आई, किती वेळ अशी बसलीस?"

"नीज गं. लई दमलीयास."

संध्याकाळी घरी आलो. त्या रात्री तिनं तुमच्याबद्दल विचारलं नाही. कालही नाही. आज सकाळी चहा देताना मीच न राहवून म्हटलं, "तात्या येतील हं संध्याकाळी."

तिनं कप खाली ठेवला. "कोन तात्या?"

सांगायला तोंड उघडलं, पण म्हटलं, "आहेत एक ओळखीचे."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिता येतंय. पळसदेवला गाडी लावली, देवळाला लांबूनच हात जोडले, तेव्हा मी एकच मागितलं होतं तात्या. तिचं ते विचारणं थांबू दे.