दाजींचं तीनशे बारा

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे. कंबर धरलीय म्हणून तो उभ्याउभ्याच मान्य करून घे.

परवा बियांच्या अदलाबदलीला गेलो होतो. एक बी आणली. तिची खरी किंमत सांगतो. ट्रॅक्टरची एक जुनी पण धडधाकट ट्यूब, घड्याळजींच्या स्कूटरची वर्षभराची पंक्चरं, त्यांच्या गुडघ्याची हकिकत पहिल्या दिवसापासून, आणि घरी आल्यावर हिचं बोलणं. हिचं म्हणणं, एवढ्यात अख्खा भोपळा आला असता. आला असता, पण तो खायचा. माणूस आत बसेल एवढा भोपळा भाजीवाल्याकडे मिळत नाही, हे हिला लग्नापासून समजावतोय.

बेकरीमागच्या हॉलमध्ये यंदाही तोच गलका. जो तो बी उजेडाकडे धरतोय, अंगठ्यानं दाबतोय, कडा तपासतोय, आणि समोरच्याची बी आपल्याला नकोच आहे असा चेहरा करतोय. मी पाठमोरा उभा होतो. पण टायरच्या दुकानात जन्म गेला माझा. ट्यूबमधून हवा कुठून जातेय ते कानानंच ओळखतो. मागे घड्याळजी बेकरीवाल्याला सांगत होते की शिंपीणबाईंच्या, म्हणजे तुझ्या, यजमानांचं तीनशे बारा आता संपलं. आपल्या लोकांत बीला तिच्या आईच्या वजनानं ओळखतात, आणि दाजींच्या शेवटच्या भोपळ्याच्या तीनशे बारा किलोंना अजून कुणी हात लावलेला नाही. तसा रंग आणि तसा जाड देठ पुन्हा व्हायचा नाही, असं दोघंही म्हणत होते.

ताई, खरंच संपलंय का? तुझ्या बटणांच्या डब्यात दाजींच्या चार बिया मी स्वतः पाहिल्यात. त्यातल्या दोन मला दे. फोनवर विचारलं असतं तर तू नाही म्हणून ठेवून दिला असतास. पत्राला नाही म्हणायला निदान शाई तरी लागते.

लोभ आहेच, वाढला तर माझी तक्रार नाही.
तुझा,
ढब्बू


२० जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. कंबर शेक, आणि ट्रकची टायरं एकट्यानं उचलू नकोस. वय काय तुझं?

शाई भरपूर आहे. नाही.

बाकीच्या बिया ह्यांनी लोकांना वाटल्या. या चार मागे ठेवल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत कागदावर पसरून. रोज त्यांची कूस बदलायचे. मी हसायची की तान्ह्या बाळाचंसुद्धा कुणी एवढं करत नाही. मग ते अंथरुणाला खिळले आणि बिया मीच उचलून डब्यात टाकल्या. आता बटण शोधायला डबा उघडला की दिसतात. तेवढं मला पुरतं.

तुला त्या कशाला हव्यात ते कळतं हो मला. लहानपणी माझा चांगला भोवरा देऊन तीन फुटके घेऊन आला होतास, आणि वर मलाच सांगत होतास की सौदा आपल्या फायद्याचा झाला.

मागचं अंगण तसंच पडून आहे. तिकडचं दार मी उघडत नाही, वारा फार येतो. तुझ्या धाकट्या लेकीच्या कोटाचं अस्तर व्हायचंय, तिला धीर धरायला सांग.

माया आहे तेवढीच आहे. बिया मागू नकोस.
ताई


२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज वाकून केलाय, ही साक्षीला आहे.

त्या तीनांतला एक भोवरा फिरायचा, एवढं नोंदवून पुढे जातो.

सौदा करायचा नाहीये मला. घड्याळजींनी भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांसकट दुकान माझ्या नावावर केलं तरी त्यातली एक बी त्यांना देणार नाही. मला भीती वेगळीच आहे. बी म्हणजे बटण नव्हे ताई. बटण डब्यात राहतं, बी डब्यात जगत असते, आणि जगणारी वस्तू कधीतरी थांबते. वरून तशीच गुबगुबीत दिसते, आतून पोकळ झालेली असते. हे मला दाजींनीच दाखवलं होतं, नखानं साल काढून. या बियांना आता पाच वर्षं होतील.

दोन तू लाव, दोन मी लावतो. तुझ्या नाही आल्या तर माझ्या येतील, माझ्या गेल्या तर तुझ्या. चारही गेल्या तर पहिल्या गाडीनं येतो आणि आपण दोघं बसून रडू. पण डब्यात त्या एकट्या गेल्या तर आपल्याला कळणारसुद्धा नाही.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
ढब्बू


२ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

कोट पाठवला आहे. डाव्या खिशाला आतून टाका घातलाय. तो तू उसव, धाकटीकडे देऊ नकोस, ती कापडही फाडेल. आत दोन आहेत. पंक्चरची ट्यूब घासतोस त्या कानशीनं कडा घास, पण टोक सोडून. मोड टोकातून येतो. हे असंच करायचे.

माझ्या दोन अजून डब्यातच आहेत. पुढच्या पायरीवर एक मोठी कुंडी रिकामी आहे. बघते.
ताई


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज मात्र नमस्काराबरोबर कानही धरलेत.

हे पत्र टपालात न टाकता सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, कारण वेळ नाही.

माझी एक बी कुजली आणि एक आली, तुझीही कुंडीत एक आली, हे दोघांनाही ठाऊक आहे. माझी वेल कुंपणापर्यंत गेलीय आणि तिच्यावर मादीफुलाची सुरेख कळी धरलीय, खाली सुपारीएवढा भोपळा घेऊन. चार-पाच दिवसांत उमलेल. आता माझी अक्कल ऐक. नरफुलं नुसतीच बसून खातात, वेलीची ताकद जाते, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून पंधरवडाभर रोज सकाळी ती कात्रीनं उडवत होतो. परवा घड्याळजी आले, वेलीभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे विचारलं की नवरीमुलगी तर तयार दिसतेय, नवरदेव कुठून आणणार? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवी नरफुलं यायला बराच अवकाश आहे, आणि मोसम काही थांबणार नाही.

घड्याळजींनी त्यांच्या वेलीचं फूल देऊ केलंय. माणूस मनानं चांगला. त्यानं भोपळ्याच्या आकारात फरक पडणार नाही. आकार आईवर जातो, बाप कोण होता ते फक्त बियांना कळतं. पण मला बियाच हव्या आहेत ना. दोन्ही बाजूंनी दाजींच्याच.

तुझ्या कुंडीतल्या वेलीला नुसती नरफुलंच येतात म्हणून तू कुरकुरत होतीस. ती घेऊन ये, ताई. दाजी गेल्यापासून तू गावाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, हे माहीत असून म्हणतोय. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस. ड्रायव्हरला मी विचारलं. तो म्हणाला की फुलं इंजिनावर ठेवून आणीन, सुरक्षित राहतील.

वाट बघणारा,
ढब्बू


३० जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. धाकटीनं बांधून दिलेलं सगळं पोचेपर्यंत खाल्लं, हे तिला सांग.

तुझ्याकडे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. कळ्या संध्याकाळीच तोडल्या होत्या, मिटलेल्या असताना. ओल्या फडक्यात गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवल्या. बटणं पहिल्यांदाच ताटात काढली, आता ती सगळी एक झालीत, निवडायला बसावं लागेल. गाडीत डबा मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं की यात औषध आहे का. मी हो म्हणाले. त्या माझ्याकडे कणवेनं बघत राहिल्या आणि खिडकीची जागा दिली, ती मी घेतली.

फुलाच्या तोंडाला तू सायकलच्या व्हाल्वची रबरी नळी बांधली होतीस, मधमाशी परका पराग घेऊन शिरू नये म्हणून. मला हसू आलं, मग गाठ बघितली. हे अशीच बांधायचे, एक फास सैल ठेवून. तू केव्हा शिकलास?

मग पाकळ्या काढल्या आणि पराग लावला. मला वाटलं होतं की मला यायचं नाही. मी तर फक्त शेजारी उभी राहायची, चहाचा कप धरून. पण हात आपोआप गेला. ते हळूच फुंकर घालायचे शेवटी, उगाचच, तीसुद्धा घातली गेली. तू तेवढ्यात पाण्याच्या नळाकडे गेलास. नळ बंदच होता, ढब्बू. तुझी पाठ दिसत होती मला.

काल मागचं दार उघडून पाहिलं. बिजागरी गंजून गेलीय. तुझ्या दुकानातलं थोडं तेल पाठव.

असाच राहा.
ताई


२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तेल मिळालं असेलच. दार कुरकुरत नाही ना?

तुझी कापड मोजायची टेप इथे राहिली ती बरं झालं. रोज भोपळ्याची कंबर मोजतो, माझ्यापेक्षा झपाट्यानं वाढतेय. मी वर छत्री बांधलीय, खाली वाळू घातलीय, आणि ही सर्वांना सांगते की आमच्या लग्नात माझी एवढी बडदास्त नव्हती.

तुला म्हणून आताच सांगतो. तीनशे बारा मागे पडणार. चारशे गाठलं नाही तर नाव बदलेन. हॉलमध्ये न्यायला शेजारच्या गॅरेजातली साखळीची कप्पी सांगून ठेवलीय, पट्टा ट्रकच्या ट्यूबचा करतोय. घड्याळजींना मी बोलून बसलो की तुमचा भोपळा याच्या शेजारी लिंबू दिसेल. ते चष्मा पुसत राहिले.

वजनाच्या दिवशी तुला पुढची खुर्ची धरू का?
ढब्बू


२ सप्टेंबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद. खुर्ची नको. दिवाळीनंतरच्या एका लग्नाचं काम आहे, अकरा पोशाख कापून पडलेत, आणि नवऱ्यामुलीच्या आईला रोज नवीन गळा सुचतो.

मला वजनाचं काही सांगू नकोस. आत बिया भरलेल्या आहेत की पोकळ, एवढंच कळव. रात्री तेच मनात येतं.

मागच्या अंगणातला एक कोपरा खणून घेतला. खणणाऱ्यानं विचारलं काय लावायचं. म्हटलं, भावाचं पत्र येऊ दे.
ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझं. काल सकाळी भोपळा कापला. ही, मी, आणि घड्याळजी, ते स्वतःहून आले. मी सुरी धरली होती पण माझा हात थांबला, तेव्हा पहिला काप त्यांनीच घातला. ताई, भरलेल्या आहेत. अंगठ्यानं दाबली तर दबत नाही अशी एकेक. धुऊन तुझ्या जुन्या अस्तराच्या कापडावर पसरल्यात. ही येता-जाता त्यांची कूस बदलते, तिला कुणी सांगितलेलं नाही. पोकळ फार थोड्या निघाल्या. तरी मला राहवेना, म्हणून एक ओल्या फडक्यात घालून चहाच्या किटलीजवळ ठेवलीय. मोड आला की लगेच कळवतो. पण ती येणार.

निम्म्या तुझ्या. त्या घेऊन मी स्वतः येतो, कोपऱ्यात खत घालायचंय ते मीच घालीन. उरलेल्यांतली एक घड्याळजींना द्यावी असं माझ्या मनात आहे. त्यांनी मागितली नाही. बदल्यात काहीही घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय, हे वाचून तू खुर्चीवरून पडू नकोस. तू हो म्हणालीस तरच.

पाकिटं तयार करायला बसलो. रिवाजाप्रमाणे त्यावर पिकवणाऱ्याचं नाव आणि आईचं वजन लागतं. नावाच्या जागी आधी दाजी लिहिले, मग तू, मग मी. जागा पुरली नाही, अक्षर बारीक केलं.

आमच्यावरची माया अशीच ठेव, आणि बटणं निवडायला मी आलो की बसू.
तुझा,
ढब्बू

ता. क. वजनाचं तू सांगू नकोस म्हणालीस, पण पाकिटावर खरं लिहावंच लागतं. कप्पी लागली नाही. घड्याळजींनी आणि मी दोन बाजूंनी धरून उचलला. एक्याण्णव किलो.