तुर्फाची उंटीण

७ ऑक्टोबर १९५८

आज पुन्हा लाथ! थेट मांडीवर. वाडगा एकीकडे, मी एकीकडे, दूध वाळूत. सम्हा आपली रवंथ करत उभी, जणू माशी हाकलली.

तुर्फा राहुटीतून बाहेर आली. मला लागलं का, हे विचारलं नाही. उंटिणीच्या मानेवर हात ठेवला. "काय गं, काय झालं तुला?" बस्स, एवढंच. पिल्लू लावलं आणि लगेच पान्हा! वाडग्यावर फेस आला.

सगळ्या तळावर उंटिणी पुरुष पिळतात. माझ्या राहुटीत बायको पिळते. फालेहने लांबून सगळं पाहिलं. चुलतभाऊ आहे, पण तोंडाला कुलूप नाही. उद्या कॉफीच्या बैठकीत हाच विषय असणार.

८ ऑक्टोबर

होताच.

१२ ऑक्टोबर

फालेह म्हणतो, "मुत्लक, एक सांग. सासऱ्याने तुला मुलीबरोबर उंटीण दिली की उंटिणीबरोबर मुलगी?" सगळे हसले. मीही हसलो. दात दुखेपर्यंत हसलो.

लग्नाला तीन वर्षं झाली. त्यातली बहुतेक मी पोलिसांच्या ठाण्यावर काढली. लिहायला तिथेच शिकलो. नोकरी सोडून या उन्हाळ्यात घरी आलो ते बायकोजवळ राहायचं म्हणून. आणि बघतो तर माझी जागा भरलेली!

ती सम्हाशी बोलते. खरंच बोलते. डोणीत पाणी ओतताना, काटे काढताना, गोचिडं वेचताना. आज राहुटीच्या पडद्याआडून ऐकलं. शेरडं कुठे गेली, सासूबाई काय म्हणाल्या, आईची तब्येत बरी नाही असा निरोप आलाय, सगळं सांगत होती. तिची आई आजारी आहे हे मला आज कळलं. उंटिणीकडून!

मी विचारतो तेव्हा? "हं." "बरं." "तुम्ही म्हणाल तसं."

सम्हाला तू. मला तुम्ही.

१३ ऑक्टोबर

हा विचार डोक्यातून जात नाही. तिला तू. मला तुम्ही.

१९ ऑक्टोबर

गावात गेलो होतो मिठासाठी. तुर्फासाठी निळे मणी आणले. चांगले, काचेचे. दुकानदाराने दहा माळा दाखवल्या, मी अकरावी मागितली. वाटेत खिशात हात घालून चाचपत होतो, पोरासारखा.

दिले. "छान आहेत," म्हणाली. थोडी हसलीसुद्धा. मला वाटलं, चला, जमलं.

दुपारी पाहतो तर मणी सम्हाच्या गळ्यात!

"हे काय?"

"तिला पटकन नजर लागते. सगळे बघत असतात तिच्याकडे."

म्हणजे तुझ्याकडे कुणी बघत नाही? मी नाही बघत? हे तोंडावर आलं होतं. बाहेर जाऊन दोर वळत बसलो. वळला तो दोर इतका घट्ट झाला की गाठच बसेना.

२५ ऑक्टोबर

ढग नाहीत. विहीर खाली चाललीय. जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या, फक्त सम्हा तुकतुकीत. का नसेल? तुर्फा स्वतःच्या वाट्याची भाकरी तिला घालते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आईला सांगितलं. आई जातं थांबवून म्हणाली, "तू ठाण्यावर होतास तेव्हा तिला कोण होतं रे? मी म्हातारी, दिवसभर करवादणारी. नव्या पोरीने बोलायचं कुणाशी?"

"आता मी आहे ना!"

"आहेस. पण नुसता बघत असतोस. पहाऱ्यावर उभा असल्यासारखा."

आईसुद्धा त्यांच्याच बाजूची.

२ नोव्हेंबर

हात उगारला आज. सम्हाने माझ्या सदऱ्याची बाही चावून फाडली. मी काठी घेतली. एक मारली, दुसरी मारणार तेवढ्यात तुर्फा मध्ये आली.

"तिला नको. मला मारा."

काठी टाकली. मी बायकोला मारणारा माणूस नाही. पण ती मध्ये कशी आली, ते डोळ्यांपुढून हलत नाही. पळत आली, अनवाणी. माझ्यासाठी अशी कधी धावेल? मला साप चावला तरी आधी चपला शोधेल.

नंतर मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "बरं."

९ नोव्हेंबर

आईला भेटायला तुर्फा माहेरी गेली. सासऱ्यांचा, शिबलीकाकांचा तळ इथून दिवसाच्या वाटेवर आहे. भाऊ न्यायला आला होता. सम्हाला नेत नाहीये. पिल्लू अजून पितं, वाटेत चारा नाही. सम्हाची मान कवटाळून उभी राहिली, किती वेळ! मग माझ्याकडे वळून: "तिच्याकडे लक्ष ठेवा."

माझ्याकडे कोण लक्ष ठेवणार, हे सांगून गेली नाही.

१४ नोव्हेंबर

विकली.

१५ नोव्हेंबर

काल लिहवलं नाही.

दलाल आला होता. दुष्काळ पडला की हे लोक बरोबर वास काढत येतात. सगळ्यांनीच एकेक दोन-दोन जनावरं दिली. तो आमच्या राहुटीपाशी थांबला, सम्हाभोवती फिरला, वशिंड दाबून पाहिलं. "ही देणार?"

मी नाही म्हणणार होतो. देवाशपथ. तोंडातून "ने" निघालं.

आई म्हणाली, "मुत्लक, ती उंटीण तुझी नाही. बापाने पोरीला दिलेली आहे." मी म्हटलं, माझ्या राहुटीतलं सगळं माझं. आई आत निघून गेली.

लहान पिल्लू चालीला आड येतं म्हणून दलालाने ते घेतलं नाही. सम्हा आधी जाईना. दोघांनी ओढलं. चढावर वळून हंबरली. खोटं कशाला लिहू, मला तेव्हा बरं वाटलं. आज राहुटीपुढची जागा मोकळी बघूनही बरं वाटलं. तुर्फा येईल, रडेल, चार दिवस अबोला धरेल. मग बोलायला मीच उरेन.

पिल्लू मात्र ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत ओरडतंय.

२० नोव्हेंबर

आली. लांबूनच पिल्लाकडे पाहिलं. एकटं.

"सम्हा?"

"विकली. दुष्काळ आहे, सगळ्यांनीच…"

"माझी होती."

रडली नाही. चूल पेटवली, आईला जेवायला वाढलं, मला वाढलं. मी जेवलो! घास गिळत होतो आणि वाट बघत होतो, आता ओरडेल, आता भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधून चालती झाली. तिला पोचवायला आलेला भाऊ अजून विहिरीपाशीच होता. आई मागे धावली. मी धावलो नाही.

२७ नोव्हेंबर

बैठकीत फालेह आता थट्टा करत नाही. कॉफीचा पेला हातात देतो आणि दुसरीकडे बघतो. सगळेच. बायकोचं जनावर तिच्या पाठीमागे विकणारा माणूस! कुणी बोलत नाही, पण कॉफी कडू लागते.

आज न राहवून मीच म्हटलं, "बोल की काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू? आता हसण्यासारखं काय राहिलंय?"

१ डिसेंबर

शिबलीकाकांकडे जाऊन आलो. त्यांनी बसवलं, कॉफी पुढे केली. मी पेला जमिनीवर ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाही. ते समजले.

"बोल."

"तुर्फाला पाठवा, काका."

"कशावर बसून येईल?"

मी जमिनीवरचा पेला बोटाने फिरवला.

"तिची उंटीण आण. मग ती कॉफी पी. तोवर थंड होऊ दे."

बायकांच्या बाजूच्या पडद्यामागे पिल्लाला कुणीतरी हळू आवाजात समजावत होतं. तिचाच आवाज. पिल्लालाही तू.

मला त्या पिल्लाचाही राग आला! काय माणूस आहे मी?

८ डिसेंबर

मिळाली!!

उत्तरेच्या बाजारात, कुंपणाच्या शेवटच्या टोकाला. खंगलेली, पाठीवर दलालाची खूण डागलेली. निळे मणी गळ्यात नाहीत. दलाल म्हणाला, उद्या सकाळी ही कसायाकडे जायची होती. परत द्यायला काय घेशील विचारलं, तर माझ्या सांडणीकडे बोट केलं. माझी सांडणी! ठाण्यावरची सगळी वर्षं जिच्या पाठीवर काढली ती. वाळवंटात तिच्यासारखी चाल नाही.

दिली.

चालत निघालोय. सम्हा दोराच्या टोकाला. ती मागे ओढते, मी पुढे. दोघंही एकमेकांना शिव्या देत असणार.

११ डिसेंबर

वाटेत बोलायला दुसरं कुणी नाही. म्हणून बोललो तिच्याशी. आधी नुसतं "चल गं". मग ठाण्यावरच्या गोष्टी. मग तुर्फाबद्दल. लग्नाच्या दिवशी ती माझ्याकडे बघायला किती लाजली होती, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सम्हाला सांगितलं. ती कान हलवते. मध्ये तोंड घालत नाही, हसत नाही, बैठकीत जाऊन सांगत नाही.

कळलं मला, तुर्फा तिच्याशी का बोलत होती. आणि कळल्यावरही वाईट वाटलंच. या जनावराला तुर्फाचं सगळं माहीत आहे. मला काही नाही. हिला बोलता आलं असतं तर हिलाच विचारलं असतं, माझ्याबद्दल काय सांगायची ती?

१४ डिसेंबर

पोचलो. आईने सम्हाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या नाही.

फालेह म्हणाला, "आता थेट शिबलीकाकांकडे ने. त्यांचा शब्द आहे."

मी नाही म्हटलं. उंटीण इथेच राहील. तूच जा आणि तुर्फाला सांग, सम्हा राहुटीपुढे बांधली आहे, ये आणि बघ. पळत येईल. अनवाणी येईल. माझ्यासाठी नाही, माहीत आहे मला. पण येईल तर इथेच ना! एकदा आली की मी बोलेन. सम्हाला जे बोललो ते सगळं बोलेन.

आई म्हणाली, "अजून तुझी खोड जात नाही."

फालेह गेलाय. मी राहुटीचे दोर घट्ट केले, जागा झाडली, वेलची कुटून ठेवली.

१७ डिसेंबर

फालेह परतला. एकटा.

शिबलीकाका तिला फालेहसोबत पाठवायला तयार होते. तुर्फाच नको म्हणाली. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाली, "सम्हा त्यांनाच ठेवू दे. तिच्या बदल्यात मला तलाक देऊन मोकळं करा म्हणावं."

फालेह बाहेर थांबलाय. उत्तर घेऊन परत जायचंय त्याला.