पाळी कुणाची चुकली

बाईसाहेब,

फ्रिजवरची तुझी चिठ्ठी वाचली. ‘पाळी चुकली’ एवढंच लिहिलं होतंस. मी कारखान्यातला माणूस. मला पाळ्या तीनच माहीत: पहिली, दुसरी आणि रात्रीची. बाथरूमच्या चपला घालूनच कामावर धावलो.

सुपरवायझर म्हणाले, “आज तुझी सुट्टी आहे.”

मी म्हटलं, “नाही हो साहेब, बायकोने लिहून ठेवलंय, पाळी चुकली.”

अख्खं खातं माझ्याकडे वळलं. मग म्हातारा फिटर म्हणाला, “अरे गाढवा, तुझी नव्हे!”

तिथेच एका खोक्यावर बसलो. लोक हात मिळवत होते आणि मला आपल्या ठमीच्या जन्माचा दिवस दिसत होता. तुझं रक्त थांबत नव्हतं आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत होते. तू म्हणतेस, देवाने तेव्हा वाचवलं, आताही वाचवेल. मला तेव्हापासून जमीनच दिसते.

घरी येऊन तुझ्या देवासमोर बसलो. काय बोलतात ते माहीत नाही, म्हणून नाव, खातं आणि पाळी सांगितली. मग म्हटलं, तिला दुसरं मूल हवंय आणि मला ती हवी आहे, तेवढं जमवा. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायला चाललोय. पाण्याची बादली उचलू नकोस. थोरलीला शाळेतून मीच घेऊन येतो.

ठमीला थोरली लिहून बसलो बघ. असू दे, खोडत नाही.