मागच्या खोलीतल्या टाक्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. कोणी दटावलेलं नाही, कोणी गोड बोलून वळवलेलंही नाही. अक्षर सरळ येतं, ती शाळेतल्या सिस्टरांची कृपा.

१. बँकेतली ठेव आणि दागिने मुलाला. तो म्हणतो, "आई, मासेच आहेत ते, माणसं नाहीत." खरं आहे. माणसं पुष्कळ आहेत.

२. माझे कॅटफिश एकाच ओढ्यात होत असत. तो धरणाखाली गेला. धरण बांधणाऱ्यांत आमचे हे होते. दरवाजे बंद व्हायच्या आदल्या दिवशी ते भिजल्या पँटने घरी आले, हातात दुधाची किटली, आत वळवळणारे हे मासे. "सांभाळशील?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या माशांच्या पिढ्या वाढवते आहे. माझ्या माहितीत आता ते दुसरीकडे कुठेच नाहीत.

३. मी इस्पितळात असताना धाकट्या बहिणीने मोठ्या टाकीतले सगळे कालव्यात सोडले. "ताई, किती कोंडायचं गं? मोकळे केले बिचारे." दुसऱ्या दिवशी कौतुकाने बघायला गेली, तर पोटं वर करून तरंगत होते. उरले छोट्या टाकीतले, एक नर आणि दोन माद्या. मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. तरीही ती रोज सकाळी येते, दारातूनच विचारते, "आहेत ना?" आत पाऊल टाकत नाही.

४. घर आणि मासे ह्याच बहिणीला. मुलगा टाकीत हवा सोडणारा पंप बघायला विसरेल. तिच्या पोटात जी भीती बसली आहे, ती तिला विसरू देणार नाही. शेवटचा मासा जिवंत असेतो घर विकू नये.

५. नर सध्या मातीच्या नळीत अंडी राखतो आहे. परांनी पाणी हलवतो, अन्नाला तोंड लावत नाही. उजेड पाडून डोकावलं तर घाबरून स्वतःच अंडी खाईल. म्हणून धाकटे, मी गेले की त्या खोलीत दिवा नको, रडणं नको. आधी पंप बघ. मला न्यायला माणसं येतीलच.

६. साक्षीदार म्हणून धाकटीच पेन घेऊन बसली होती. वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळतं, त्यांची सही चालत नाही."
"मला कुठे काय मिळतंय?" ती हसली.
तिला अजून सांगितलेलं नाही.

सही : ताई
साक्षीदार : शेजारचे डॉक्टर, कोपऱ्यावरचे घड्याळजी
ठिकाण : राहतं घर
तारीख : ९ मार्च